लहानसा चट्टा, मोठी शंका : त्वचेच्या किरकोळ तक्रारींची भीती टप्प्याटप्प्याने कशी हाताळावी

नडगीवरची त्वचा पांढुरकी पडून ओढल्यासारखी वाटू लागते, हाताच्या मागच्या बाजूस एक खरखरीत चट्टा दिसतो किंवा अंघोळीनंतर पोटऱ्यांना चुणचुण होते, आणि हे एखाद्या गंभीर आजाराचे पहिले लक्षण तर नसेल ना, अशी शंका मनात घर करते. पुढचे सारे अनेकांच्या ओळखीचे असेल. चट्टा दिवसातून वीस वेळा पाहिला जातो, बोटाने चोळून पाहिला जातो, घरातल्यांना दाखवला जातो, मोबाइलवर त्याच्यासारखी छायाचित्रे शोधली जातात, आणि दोन-तीन मलमे एकापाठोपाठ लावून झाल्यावर चौथ्या दिवशी तो खरोखरच वाढलेला दिसतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते, कारण ती वाढ बहुधा त्या चोळण्याधुण्यातून आणि लेपनांतूनच झालेली असते.

पुढील सर्व पायऱ्या याच निरीक्षणावर बेतलेल्या आहेत. चिडलेल्या त्वचेला आणि धास्तावलेल्या मनाला लागणारे पथ्य जवळपास एकच आहे : हात कमी लावायचा आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत नियमाने वाट पाहायची. मात्र वाट पाहण्याचा अधिकार आधी मिळवावा लागतो, म्हणून सुरुवात धोक्याच्या खुणांपासून करावी.

पहिली पायरी : धोक्याच्या खुणा एकदाच आणि कागदावर तपासा

भीतीचा स्वभाव असा की ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. म्हणून ही तपासणी दिवसाच्या उजेडात, शांतपणे, एकदाच करावी आणि तारीख घालून उत्तरे लिहून ठेवावीत.

काही खुणा दिसल्या तर विचार करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे अथवा श्वास घ्यायला त्रास होणे. तापाबरोबर झपाट्याने पसरणारे पुरळ. मोठे फोड येणे किंवा त्वचा सोलवटणे. डोळे, तोंड किंवा गुप्तांग यांच्या ओलसर आवरणावर जखमा होणे, विशेषतः एखादे नवे औषध सुरू केल्यानंतर. काचेचा पेला दाबून धरल्यावरही फिके न होणारे लाल-जांभळे ठिपके आणि सोबत आजारी वाटणे. तसेच दिसणाऱ्या लालीच्या मानाने फारच जास्त असणारी वेदना, या त्या खुणा होत.

दुसऱ्या गटातील खुणांसाठी काही दिवसांत डॉक्टरांची वेळ घ्यावी. जागा गरम होऊन ठणकत असेल किंवा पू येत असेल, चार आठवडे उलटूनही जखम भरत नसेल, चट्ट्याच्या जागी स्पर्श कळत नसेल, मधुमेह असून पायाला भेग पडली असेल, किंवा रात्री खाज वाढत असून घरातील इतरांनाही ती सुरू झाली असेल (हे खरजेचे नेहमीचे चित्र आहे), तर घरच्या घरी थांबण्यात अर्थ नाही. पुरळ नसतानाही सर्वांगाला काही आठवडे खाज सुटत असेल तर तेही दाखवावे. यकृत, मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या तक्रारींत, तसेच शरीरात लोह कमी झाल्यास अशी खाज येऊ शकते. सोबत वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर विलंब करू नये. तिळाच्या बाबतीत दोन्ही अर्धे असमान असणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंगांच्या अनेक छटा असणे, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे आणि तिळात बदल होत जाणे या पाच गोष्टी पाहतात, आणि त्यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या व्यक्तींनी तळहात, तळपाय आणि नखांखालील नव्या काळ्या डागांकडेही लक्ष द्यावे.

यांपैकी काहीही नसेल, तर कागदाखाली एक वाक्य लिहावे : ‘आज तपासले, धोक्याची खूण नाही, पुढचा निर्णय दोन आठवड्यांनी.’ मध्ये नवी खूण दिसली तर अर्थातच हा करार मोडतो. मात्र मनात नव्याने आलेली शंका म्हणजे नवी खूण नाही, हा भेद सुरुवातीलाच पक्का करून ठेवावा.

दुसरी पायरी : कोरडी त्वचा नेमकी काय करत असते, ते समजून घ्या

त्वचेचे सर्वांत बाहेरचे आवरण साधारण १५ ते २० थरांच्या मृत, चपट्या पेशींचे असते आणि तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागाएवढीच भरते. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले म्हणजे चुना, असे समजावे. चुना धुऊन गेला की भिंतीला फटी पडतात. त्यांतून आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचा साबण, घाम, धूळ, लोकर आत टोचू लागते. ताण, चुणचुण, कोंड्यासारखे पापुद्रे आणि बारीक भेगा ही सारी त्याच फटींची लक्षणे होत. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर पारंपरिक साबणाचा ९ ते १० असतो. त्यामुळे ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने वारंवार साबण लावणारा माणूस स्वतःच ती भिंत खरवडत असतो.

त्वचेचा वरचा थर नव्याने तयार होऊन पृष्ठभागावर येण्यास तरुणपणी सुमारे चार आठवडे लागतात आणि वय वाढेल तसा हा काळ लांबतो. काल लावलेल्या मलमाचा निकाल आज सकाळी मागणे म्हणजे पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहण्यासारखे आहे.

रंगाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण पुष्कळ भीती रंगामुळे वाटते. सावळ्या त्वचेवरचा दाह लाल दिसेलच असे नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसू शकतो. दाह शमल्यावर मागे राहणारा गडद डाग कित्येक महिने टिकतो. त्या जागी खाज, खरखरीतपणा आणि उंचवटा नसेल, तर तो डाग चालू आजाराचा पुरावा नसून जुन्या दाहाची सावली असते, आणि तो घासून काढायला गेल्यास आणखी गडद होतो.

तिसरी पायरी : जागा पाहा आणि मागचे दिवस आठवा

किरकोळ दाहाचे कारण पुष्कळदा त्याच्या जागेतच लिहिलेले असते. कानाच्या पाळीवर, बेंबीजवळ किंवा मनगटावर खाज असेल तर दागिने, पट्ट्याचे बक्कल वा घड्याळातील निकेल आठवावे. पापण्यांवर असेल तर नखांना लावलेला रंग, केसांचा कलप किंवा अत्तर. बोटांच्या बेचक्यांत असेल तर भांड्यांचा वा कपड्यांचा साबण. ओठांभोवती असेल तर ओठ चाटण्याची सवय. ओठ चाटल्याने ओलावा मिळाल्यासारखे वाटते, पण लाळ वाळताना ओठ अधिकच कोरडे होतात.

दाह दोन प्रकारचे असतात, हे येथे उपयोगी पडते. साबण, सतत पाण्यातले काम किंवा रसायन यांमुळे होणारी चीड पुरेशा संपर्काने कोणालाही होऊ शकते आणि बहुधा आगीच्या रूपाने जाणवते. ॲलर्जीचा दाह मात्र त्या पदार्थाशी आधीच संवेदनशील झालेल्या व्यक्तीलाच होतो, त्यात खाज प्रबळ असते आणि तो संपर्कानंतर साधारण २४ ते ७२ तासांनी उमटतो. म्हणून ‘आज तर काही नवे वापरले नाही’ हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. तीन दिवस मागे जावे लागते. शिवाय वर्षानुवर्षे चाललेल्या वस्तूचीही ॲलर्जी नव्याने होऊ शकते.

माझ्या स्वतःच्या मनगटावर एकदा नाण्याएवढा खरखरीत चट्टा उठला होता आणि मी त्याच्यासाठी तीन आजारांची नावे निश्चित करून ठेवली होती. घड्याळाच्या पट्ट्याखाली हात धुताना साचणारा साबण आणि घाम एवढेच त्याचे कारण निघाले. घड्याळ काढून ठेवल्यावर तो अठरा-वीस दिवसांत गेला. घड्याळ काढायचे सुचायला मात्र मला महिना लागला, कारण तोपर्यंत माझे सारे लक्ष त्या तीन नावांकडे होते.

चौथी पायरी : दोन आठवडे साधी निगा, आणि तेवढीच

या पायरीत भर घालण्यापेक्षा काढून टाकणे जास्त आहे. त्या जागी लावली जाणारी सारी सुगंधी द्रव्ये, घासण्या, ‘नैसर्गिक’ म्हणून लावलेले रस व लेप, जंतुनाशक द्रावणे आणि उरलीसुरली जुनी मलमे बाजूला ठेवावीत. डॉक्टरांनी लिहून दिलेले चालू औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. वनस्पतिजन्य पदार्थांचीही ॲलर्जी होते, त्यामुळे नैसर्गिक या शब्दावर विसंबू नये.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. फार गरम पाण्याने खाज क्षणभर शमते आणि थोड्याच वेळात दुप्पट होऊन परतते, हा अनुभव अनेकांना असेल. साबण लावायचाच तर सौम्य व बिनवासाचा असावा आणि काख, जांघा, पावले एवढ्यापुरता मर्यादित ठेवावा. नडग्या आणि दंड रोज फेसाने धुण्याची गरज नसते. अंग टॉवेलने टिपावे, रगडू नये, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे.

मॉइश्चरायझर निवडताना नावापेक्षा काम पाहावे. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, तर पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वर आवरण घालून पाणी उडू देत नाहीत; चांगल्या क्रीममध्ये बहुधा दोन्हींचा मेळ असतो. पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा मलम कोरड्या त्वचेला अधिक काळ पुरते. ते दिवसातून दोनदा, केसांच्या दिशेने अलगद पसरावे. जिरवण्यासाठी चोळू नये. भेगा पडलेल्या जागी युरियायुक्त क्रीमने मिनिट-दोन मिनिटे चुरचुरणे अपेक्षित आहे आणि त्यावरून ‘मला हेही सोसत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आग तशीच राहिली किंवा प्रत्येक वेळी लाली वाढत गेली, तर मात्र ते थांबवून साध्या पेट्रोलियम जेलीवर यावे.

स्टिरॉइडयुक्त मलमांबद्दल माझे मत कडक आहे. योग्य निदान झाल्यावर, योग्य तीव्रतेचे आणि ठरलेल्या दिवसांपुरते वापरलेले स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे, आणि डॉक्टरांनी दिले असल्यास त्याच्या भीतीने अर्ध्यावर सोडणेही चूक आहे. पण स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली तयार मलमे कोणाच्या तरी सांगण्यावरून लावणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर असा प्रकार होतो. नायट्यावर असे मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतल्या आत पसरते आणि नायट्याचे ओळखू येणारे रूपच बदलून जाते. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच भडकते. अशा वेळी चिंताग्रस्त माणसाला वाटते की आजार गंभीर होत चालला आहे, आणि प्रत्यक्षात तो मलमाचा परिणाम असतो.

पाचवी पायरी : पाहण्याला वेळापत्रक लावा

बहुतेक लोक येथेच अडखळतात. ‘मी फक्त पाहतोय, त्याने काय बिघडते?’ असे वाटते. पण आरशाजवळ जाऊन पाहणे, ताणून पाहणे, दाबून पाहणे आणि नखाने पापुद्रा उचलून पाहणे या एकाच साखळीच्या कड्या आहेत. दाबल्याने लाली येते, पापुद्रा ओढल्याने खालचा कच्चा थर उघडा पडतो आणि पुढच्या तपासणीत तीच लाली पुरावा म्हणून समोर येते. त्यातच प्रकाश बदलतो. न्हाणीघरातील दिव्याखाली, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर पाहिलेला चट्टा आणि सकाळच्या उजेडात पाहिलेला चट्टा सारखे दिसणे शक्यच नसते.

म्हणून आठवड्यातून एकच दिवस आणि एकच वेळ ठरवावी. त्या वेळी खिडकीजवळच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकाच अंतरावरून एक छायाचित्र काढावे. वहीत चार गोष्टी लिहाव्यात : मिलिमीटरमधील लांबी-रुंदी, खाजेला ० ते १० पैकी गुण, झोपमोड झाली की नाही आणि नवी जागा उमटली की नाही. मग छायाचित्र बंद करावे. मधल्या दिवसांत मोबाइलमध्ये ते मोठे करून पाहणे हीसुद्धा तपासणीच होय.

दिवसाला वीस वेळा पाहणाऱ्याला एकदम आठवड्यावर येणे जड जात असेल, तर पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढचे चार दिवस एकदा आणि मग आठवड्याला एकदा असे उतरत यावे. पाहण्याची ओढ येईल तेव्हा घड्याळात पाहून ती दहा मिनिटे पुढे ढकलावी. आपण काही केले नाही तरी ही ओढ चढते आणि मग आपोआप उतरते. ते उतरणे दोन-चार वेळा स्वतः अनुभवल्याशिवाय कोणाच्या सांगण्याने पटत नाही.

सहावी पायरी : शोध आणि दिलासा यांना आवर घाला

पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ साली आरोग्यचिंतेची, म्हणजे आपल्याला गंभीर आजार असल्याच्या सततच्या भीतीची, जी मांडणी केली, तिच्यात एक मुद्दा मध्यवर्ती होता : वारंवार मागितलेला दिलासा चिंता क्षणभर कमी करतो आणि दीर्घकाळ टिकवून ठेवतो. घरातल्या माणसाने ‘काही नाही रे, कोरडेपणा आहे’ म्हटल्यावर मिळणारी शांतता तासाभरात विरते आणि मन पुढचा दिलासा मागते. घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे की मी पुन्हा विचारले, तर चट्ट्याकडे न पाहता ‘रविवारी वहीत बघू’ एवढेच म्हणा. यात निष्ठुरता नाही. उलट, विचारणाऱ्यानेच हे उत्तर आधी ठरवून दिलेले असल्याने ते झोंबत नाही.

इंटरनेटवरील शोधाचेही तेच. रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संगणक-संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध दुर्मिळ व गंभीर आजारांपर्यंत कसा चढत जातो हे दाखवले होते. त्वचेच्या बाबतीत छायाचित्रांमुळे ही चढण अधिकच तीव्र होते, कारण तेथे टोकाच्या अवस्थेतील आजारांची चित्रे मोठ्या संख्येने असतात, आणि कोरड्या नडगीचे छायाचित्र काढून ठेवावे असे सहसा कोणाला वाटत नाही. शिवाय नुसत्या पाहण्यानेही खाज सुटते. पिसवा, कोळी-किडे किंवा खाजवणारी माणसे दाखवली की प्रेक्षक स्वतःला खाजवू लागतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. हा परिच्छेद वाचताना तुमचा हात मानेकडे गेला असेल, तर त्यात नवल नाही. या दोन आठवड्यांत लक्षणांचा शोध पूर्ण बंद ठेवावा.

सातवी पायरी : खाज सुटते त्या क्षणी

खाज खरी असते. ती मनाची कल्पना आहे असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नये. लक्ष आणि ताण यांनी तिची तीव्रता वाढते, इतकेच. खाजवल्याने दाह वाढतो, दाहाने पुन्हा खाज येते आणि महिनोन्महिने हे चालले तर त्वचा जाड व चामट होते.

खाज सुटताच मूठ घट्ट वळून तीस सेकंद धरावी किंवा हातात एखादी वस्तू पकडावी; मग थंड पाण्यात पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे जागेवर ठेवावे आणि लगेच मॉइश्चरायझर लावावे. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. नखे बारीक कापलेली असावीत, अंगाला लागून सुती कपडे असावेत आणि झोपण्याची खोली फार गरम नसावी. रात्री खाज जास्त जाणवते याचे एक कारण असे की त्या वेळी लक्ष वेधणारे दुसरे काही उरत नाही.

आठवी पायरी : दोन आठवड्यांनंतरचा निर्णय

वहीतली दोन आठवड्यांची नोंद समोर ठेवावी. आकार, खाज किंवा खरखरीतपणा यांपैकी काहीतरी स्पष्टपणे कमी झाले असेल, तर तीच निगा आणखी दोन आठवडे चालू ठेवावी; चट्टा पूर्ण गेलेला नसणे हे अपयश नाही. काहीच बदल नसेल किंवा वाढ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. इसब, नायटा आणि सोरायसिस सुरुवातीला एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि त्यांतला फरक ओळखणे हे त्यांचे काम आहे, आपले नाही.

जाताना वही, साप्ताहिक छायाचित्रे आणि वापरलेल्या सर्व मलमांच्या नळ्या व डब्या घेऊन जाव्यात. ‘काही खास लावले नाही’ असे सांगू नये, लाजिरवाणी वाटणारी वस्तूही दाखवावी. ॲलर्जीचा संशय असल्यास डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी सुचवतील. पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा एकदा पाठ पाहतात. निघण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सुधारणा किती दिवसांत दिसायला हवी, आणि काय झाल्यास मी त्याआधी परत यावे? या दोन उत्तरांनी पुढचा करार तयार होतो. सांगितलेल्या मुदतीआधी दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नये. त्याने मते वाढतात, उपचार एकमेकांत मिसळतात आणि कशाचाच पुरेसा अनुभव घेता येत नाही.

नववी पायरी : त्वचा बरी झाली, तरी भीती उरली तर

कधी चट्टा जातो आणि भीती दुसऱ्या जागी मुक्काम हलवते : आज नडगी, उद्या तीळ, परवा जीभ. आजाराची अशी चिंता सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली, कामात किंवा झोपेत अडथळा आणू लागली, अथवा तपासण्या निर्दोष येऊनही दिलासा टिकेनासा झाला, तर ती चिंताच उपचार घेण्याजोगी आहे असे समजावे. बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा बोलण्यातून होणारा उपचार, ज्याला अनेक जण सीबीटी म्हणून ओळखतात, त्याचा येथे चांगला उपयोग होतो. इंग्लंडमधील रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत थोड्याच सत्रांच्या अशा उपचाराने आरोग्यचिंता घटली आणि तो फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ‘मला त्वचेचा काहीच त्रास नाही’ हे आधी मान्य करावे लागत नाही. कोरडी त्वचा आणि तिची भीती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिल्या भेटीत वहीचे तेच पान दाखवावे आणि त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहून न्यावा : गेल्या आठवड्यात पाहणे, शोधणे आणि विचारणे यांत एकूण किती तास गेले. चट्ट्याचे मिलिमीटर त्वचारोगतज्ज्ञांच्या उपयोगाचे असतात, तसा हा आकडा मानसोपचारतज्ज्ञांच्या उपयोगाचा असतो.